वाचकांचे प्रश्न: स्प्रिंगस्टीनच्या नव्या अल्बमची वाट पाहताना

अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनचा एकल अल्बम 'ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह' ११ नोव्हेंबर २०२२ ला, शुक्रवारी आला; ही उत्तरं तो येण्याआधी लिहिलेली आहेत. पंधरा गाणी आहेत आणि पंधराही दुसऱ्यांची, बहुतेक साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन सोल संगीतातली, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावनेने ओथंबलेल्या लोकप्रिय गायकीतली. २९ सप्टेंबरला घोषणा झाली, पहिलं गाणं लगेच ऐकायला मिळालं, दुसरं ऑक्टोबरमध्ये. तेव्हापासून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न (ठाणे): स्प्रिंगस्टीन म्हणजे स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा माणूस. आता त्र्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्यांची गाणी का? लिहिणं आटलं की काय?

आटलेलं नाही. 'लेटर टू यू' हा त्यांचा अल्बम ऑक्टोबर २०२० मधला, आणि त्यातली सगळी गाणी त्यांचीच आहेत. या वेळी त्यांनी उद्देश सरळ सांगितला आहे: नुसतं गायचं, असा एक अल्बम करायचा होता. प्रेरणा म्हणून त्यांनी जी नावं घेतली ती सगळी गायकांची आहेत: लीव्हाय स्टब्ज, डेव्हिड रफिन, जिमी रफिन, जेरी बटलर, डायना रॉस, डोबी ग्रे, स्कॉट वॉकर.

दुसऱ्यांची गाणी त्यांना नवी नाहीत. एडविन स्टारचं 'वॉर' त्यांनी मैफलीत गायलं आणि १९८६ मध्ये तेच सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं, म्हणून अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. २००६ मध्ये अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांच्या परंपरेतल्या लोकगीतांचा पूर्ण अल्बम केला. पण ज्या संगीतावर ते कोवळ्या वयात पोसले, त्या सोल संगीताला स्टुडिओत अख्खा अल्बम त्यांनी आजवर दिला नव्हता. लेखक म्हणून त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलं की गायक म्हणून त्यांच्याबद्दल कुणी नीट बोलतच नाही. या अल्बममध्ये शब्द त्यांचे नाहीत, चाली त्यांच्या नाहीत, म्हणजे जोखायला उरतो तो फक्त गळा. म्हणूनच या अल्बमची उत्सुकता आहे. मुखपृष्ठावर 'कव्हर्स (दुसऱ्यांची पुन्हा गायलेली गाणी), व्हॉल्यूम १' असंही लिहिलं आहे, तेव्हा पुढचा भाग त्यांच्या मनात असावा.

प्रश्न (पुणे): सोल संगीताची फारशी ओळख नाही. अल्बम येण्याआधी मूळ गाणी ऐकावीत का? कोणती?

जरूर ऐका, आणि आधीच ऐका. नवं आधी आणि मूळ नंतर ऐकलं तर कान नव्याला सरावतो आणि मूळ गाणं उगाच 'जुनाट' वाटायला लागतं. पंधराही गाणी तासाभरात ऐकून होतात, बहुतेक मूळ सिंगल्स अडीच-तीन मिनिटांचे आहेत.

सुरुवात फ्रँक विल्सन यांच्या 'डू आय लव्ह यू, इंडीड आय डू'पासून करा, कारण स्प्रिंगस्टीन यांनी पहिलं तेच बाहेर काढलं आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन या संगीत कंपनीच्या 'सोल' या उपलेबलवर (उपनाममुद्रेवर) १९६५ मध्ये ते छापलं गेलं, पण दुकानांत पोचलंच नाही. विल्सन यांनी गाण्यापेक्षा निर्मितीचं काम पत्करलं आणि तयार झालेल्या प्रती नष्ट केल्या गेल्या. मूळ तबकडीच्या अगदी मोजक्या प्रती वाचल्या, त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. ज्या गाण्याला अमेरिकेने ओळखलं नाही, त्याला सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडच्या नाचघरांनी, विशेषतः विगन कसिनोने, डोक्यावर घेतलं. ऐकताना एवढं पाहा: विल्सन यांचा आवाज हलका आहे, ठेक्यावर तरंगत जातो. स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यात वाद्यमेळ जवळपास तोच आहे, पण आवाज जड आहे आणि ते प्रत्येक ओळ पुढे रेटतात. उत्साह खरा आहे, तरंगणं मात्र गेलं आहे.

मग टेम्प्टेशन्स या गायकगटाचं 'आय विश इट वुड रेन'. डेव्हिड रफिन यांचा खरखरीत, फाटण्याच्या बेताला आलेला आवाज. शब्द लिहिणाऱ्या रॉजर पेंझाबेन यांनी स्वतःच्या मोडलेल्या संसारावर हे गाणं लिहिलं. तबकडी डिसेंबर १९६७ च्या अखेरीस आली आणि ३१ डिसेंबरला त्यांनी जीवन संपवलं. रफिन यांच्या आवाजाची जात स्प्रिंगस्टीन यांच्या जवळची आहे, म्हणून सगळ्यात जास्त आशा याच गाण्याकडून आहे, आणि तुलनाही इथेच सगळ्यात कडक होणार.

तिसरं, फोर टॉप्स या गायकगटाचं '७ रूम्स ऑफ ग्लूम', १९६७. लीव्हाय स्टब्ज यांचा गळा मुळात खालच्या पट्टीचा. हॉलंड-डोझियर-हॉलंड हे संगीतकार त्रिकूट मुद्दाम पट्टी चढवून ठेवत, म्हणजे स्टब्ज यांना वरच्या सुरांसाठी झगडावं लागे आणि तोच ताण ऐकणाऱ्याला भिडे. त्या तिघांपैकी लमाँट डोझियर ऑगस्ट २०२२ मध्ये गेले. आता एखाद्या गायकाने हे गाणं सोयीच्या पट्टीत आणलं तर सूर बरोबर लागतील आणि गाण्यातली घुसमट निघून जाईल.

शीर्षकगीत जेरी बटलर यांचं. फिलाडेल्फियाच्या गँबल आणि हफ या जोडीसोबत बटलर यांनीच ते लिहिलं आणि १९६९ मध्ये ते गाजलं. प्रेमभंग झालेला मुलगा आईचा सल्ला सांगतो. सुरुवात जवळजवळ बोलण्याची आहे, सूर नंतर येतो. बटलर यांना 'आइसमन' म्हणत, कारण ते कधी घाम गाळून गायले नाहीत. स्प्रिंगस्टीन यांची सगळी कारकीर्द घाम गाळण्याची, त्यामुळे इथे त्यांना आवरून गावं लागेल. एल्व्हिस प्रेस्ली यांनीही हे १९६९ मध्ये मेम्फिसला ध्वनिमुद्रित केलं होतं, तेही ऐकून ठेवा.

जिमी रफिन यांच्या 'व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड'मध्ये गायक यायला बराच वेळ का लागतो, असा प्रश्न पडेल. तिथे आधी बोललेलं निवेदन होतं. ते काढून टाकलं आणि खालचं संगीत तसंच राहिलं. ती रिकामी जागा आता त्या गाण्याची ओळख आहे. 'समडे वी'ल बी टुगेदर'वर नाव सुप्रीम्सचं, पण डायना रॉस यांच्या दोन्ही सहगायिका तबकडीवर नाहीत. मधूनमधून येणारा पुरुषी आवाज सहलेखक जॉनी ब्रिस्टल यांचा. 'नाइटशिफ्ट' बाकीच्या बहुतेकांपेक्षा बरंच नंतरचं, १९८५ चं. मार्व्हिन गे आणि जॅकी विल्सन हे दोघेही १९८४ मध्ये गेले, त्यांच्यासाठी कमोडोर्सनी ते गायलं. अल्बममधून आलेलं दुसरं गाणं हेच. 'हे, वेस्टर्न युनियन मॅन'मध्ये प्रियकर तारवाल्याला तार न्यायला विनवतो. वेस्टर्न युनियनने तारसेवा २००६ मध्ये थांबवली, आपल्याकडची २०१३ च्या जुलैत गेली. तरुण वाचकांना 'तार' म्हणजे काय ते कदाचित घरी विचारावं लागेल.

प्रश्न (नागपूर): अ‍ॅपवर एकेका गाण्याच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतात. मूळ कोणती हे कसं ओळखायचं?

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इथे फसगत फार होते. साठच्या दशकातल्या अनेक गायकांनी आपलीच गाजलेली गाणी वीस-तीस वर्षांनी छोट्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली. नाव तेच, गायक तोच, फोटोही तरुणपणीचा, पण ध्वनिमुद्रण नंतरचं. वाद्यमेळात सिंथेसायझर ऐकू आला, ढोलाचा आवाज फार स्वच्छ आणि मोठा असला, की संशय घ्या.

खात्री करायला गाण्याची माहिती उघडा आणि वर्तुळातल्या 'पी'पुढची ओळ वाचा. ध्वनिमुद्रणाचा मालक तिथे असतो. टेम्प्टेशन्स, सुप्रीम्स, जिमी रफिन आणि फोर टॉप्सची साठच्या दशकातली गाणी असतील तर मोटाउन किंवा युनिव्हर्सल (यूएमजी) दिसायला हवं. जेरी बटलर यांची ही दोन गाणी मर्क्युरी कंपनीची, तीही आज युनिव्हर्सलकडे. विल्यम बेल यांची गंमत वेगळी आहे. 'एनी अदर वे' १९६२ चं आणि 'आय फर्गॉट टू बी युअर लव्हर' १९६८ च्या अखेरचं. दोन्ही मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचीच, पण १९६८ मध्ये स्टॅक्स आणि तिची भागीदार कंपनी अटलांटिक वेगळ्या झाल्या तेव्हा आधीची मूळ ध्वनिमुद्रणं अटलांटिककडे गेली. त्यामुळे एकाच गायकाच्या एकाच लेबलवरच्या दोन गाण्यांपुढे दोन वेगळे मालक दिसतील, आणि दोन्ही बरोबर असतील. 'रीरेकॉर्डेड' हा शब्द कधीकधी अगदी बारीक अक्षरांत असतो, तोही शोधा. फक्त वर्षावर मात्र विसंबू नका. संकलन २००५ चं असलं तर तिथे २००५ च दिसेल, आतलं गाणं १९६७ चं असलं तरी.

पर्याय असेल तर 'मोनो' (दोन्ही कानांत एकच आवाज) किंवा 'सिंगल व्हर्शन' निवडा. मोटाउनची सिंगल्स रेडिओसाठी मोनोत घडवलेली असत आणि मेहनत त्या मिश्रणावर असे. त्या काळच्या स्टिरिओत ढोल एका कानात आणि गायक दुसऱ्या कानात, असं बऱ्याचदा होतं. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, पण त्याने दोन कानांतलं एकत्र होतं, मूळ मोनो मिश्रण मिळत नाही.

एक शेवटचं: नवं-जुनं ताडून पाहताना अ‍ॅपमधली आवाज समान पातळीवर आणणारी सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, चालू ठेवा. आजची ध्वनिमुद्रणं मोठ्या आवाजात बांधलेली असतात आणि मोठं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं. गाण्यातून गाण्यात सरकणारा क्रॉसफेड बंद करा, नाहीतर सुरुवाती आणि शेवट कापले जातात.

प्रश्न (कोल्हापूर): मी हार्मोनियम वाजवतो. वयाचा गळ्यावर झालेला परिणाम नेमका कसा ओळखू?

मग तुमच्याकडे हवं ते साधन आहे. आधी मूळ गाण्याची पट्टी काढा. मुखडा जिथे विसावतो आणि त्या वेळी बास जो सूर धरतो, तो बहुधा सा. तेच नव्या गाण्यात करा. मूळ काळी दोनमध्ये आणि नवं पांढरी एकमध्ये निघालं, तर पट्टी तीन घरं खाली आली. जुन्या ध्वनिमुद्रणाचा सूर कधीकधी दोन पट्ट्यांच्या मध्येच पडतो, कारण टेपच्या गतीत थोडा फरक असे. तुमचा कान किंवा पेटी बिघडली असं समजू नका, जवळची पट्टी धरा.

एक-दोन घरं उतरवणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, तिचा दोष देऊ नये. चार-पाच घरं उतरली की मात्र ट्रम्पेट त्यांच्या चमकदार जागेवरून खाली येतात आणि अख्खं गाणं मंद वाटायला लागतं. गायक ठीक असतो, गाणं झोपतं.

पट्टीनंतर दमसास. मूळ गायकाने एका श्वासात घेतलेली ओळ नवा गायक कुठे तोडतो ते पाहा. शब्दाच्या अर्थाप्रमाणे तोडली तर ती समज, शब्दाच्या मध्ये तोडली तर तो दम कमी पडला. मग लांब सुराचा शेवट. वय वाढतं तसा कंप रुंद आणि संथ होतो आणि सूर शेवटी किंचित खाली घसरतो. अनुभवी गायक म्हणून लांब सूर आखूड करतो आणि ती जागा कोरसला किंवा व्हायोलिनला देतो. 'द सन एन्ट गॉना शाइन एनिमोर'मध्ये हे तपासा. वॉकर ब्रदर्सच्या १९६६ च्या तबकडीत स्कॉट वॉकर खोल, भरदार आवाजात गायले आहेत. स्प्रिंगस्टीन यांना हे गाणं पट्टीच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं पडावं, म्हणून तिथे दमसास उघड दिसेल.

प्रश्न (मुंबई): ई स्ट्रीट बँड वाजवतो आहे का?

ई स्ट्रीट बँड म्हणजे स्प्रिंगस्टीन यांचा नेहमीचा वाद्यवृंद. पूर्ण बँड नाही. घोषणेत बँडचा हॉर्न विभाग (ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं) आहे, कोरसमध्ये सूझी टायरेल आहेत, व्हायोलिन-चेलोंची रचना रॉब मॅथिस यांची. निर्माते रॉन अनिएलो, मुद्रण न्यू जर्सीतल्या थ्रिल हिल या स्प्रिंगस्टीन यांच्या स्वतःच्या स्टुडिओत. दोन गाण्यांत, 'सोल डेज' आणि 'आय फर्गॉट टू बी युअर लव्हर'मध्ये, सॅम मूर सोबत आहेत. 'सॅम अँड डेव्ह' या सोल गायकजोडीतले सॅम, २०२२ मध्ये ८७ वर्षांचे. १९९२ च्या 'ह्यूमन टच'मध्येही ते गायले होते. बँडचा दौरा १ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या टँपा इथून सुरू झाला.

प्रश्न (औरंगाबाद): असे अल्बम बऱ्याचदा निराश करतात. इथे काय बिघडू शकतं?

सगळ्यात मोठा धोका हुबेहूबपणाचा आहे. फिल कॉलिन्स यांनी २०१० मध्ये 'गोइंग बॅक' केला, तोही मोटाउनच्या गाण्यांचा. मूळ तबकड्यांवर वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सपैकी हयात असलेल्या वादकांना बोलावून त्यांनी जुना आवाज जसाच्या तसा उभा केला. कारागिरी थक्क करणारी होती, पण ऐकून झाल्यावर मूळ गाणीच लावावीशी वाटतात. मूळ आवाज घडला तो डेट्रॉइटमधल्या एका घराच्या छोट्या स्टुडिओत, सगळे वादक खेटून बसलेले, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपणारा. आज प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करून तो झिरपलेपणा येत नाही.

उलट टोक जॉनी कॅश यांच्या १९९४ च्या 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'चं: एक गिटार, एक म्हातारा होत चाललेला आवाज, बस. तिथे गाणं कुणाचं हेच विसरायला होतं. स्प्रिंगस्टीन यांचा अल्बम, बाहेर आलेल्या दोन गाण्यांवरून, पहिल्या टोकाकडे झुकलेला दिसतो. भरपूर तंतुवाद्यं, भरपूर कोरस. आमच्या मते 'नाइटशिफ्ट' या कसोटीला चांगलं उतरतं, कारण तिथे ते घाई न करता, जवळ बसून बोलल्यासारखे गातात. बाकीच्या अल्बममध्ये असं जितकं जास्त तितकं बरं.

प्रश्न (सांगली): या विक्रीतून जुन्या गायकांना पैसे मिळतील का?

गाणं लिहिणाऱ्यांना मिळतील, नुसतं गाणाऱ्यांना नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कुणीही पुन्हा गाऊन मुद्रित करू शकतो. सूचना द्यायची आणि ठरलेलं मानधन भरायचं, परवानगी नाकारता येत नाही. रचना आपल्या शैलीत बसवायची मुभा आहे, मूळ चाल आणि गाण्याचं स्वरूप बदलायची नाही. सीडी, तबकडी किंवा डाउनलोडसाठी २०२२ मधला दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रति प्रत ९.१ सेंट होता. पंधराही गाणी पाच मिनिटांच्या आत धरली तर त्या दराने एका प्रतीमागे १ डॉलर ३६.५ सेंट गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांकडे जात.

जेरी बटलर आपल्या गाण्याचे सहलेखक, म्हणून या अल्बममध्ये त्यांचा वाटा. 'टर्न बॅक द हँड्स ऑफ टाइम' टायरोन डेव्हिस यांनी १९७० मध्ये अजरामर केलं, पण लिहिलं दुसऱ्यांनी, त्यामुळे त्यांच्या वारसांना या नव्या अल्बममधून काही नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर मूळ तबकडी वाजली तरी गायकाला मानधन मिळत नाही. गाण्याला ओळख देणारा गळा हिशेबात नसतो, हे खटकणारं आहे. तुम्ही मूळ ध्वनिमुद्रण ऐकलंत तर मात्र त्याचा हिशेब वेगळा होतो आणि करारानुसार गायकाच्या बाजूला काही जाऊ शकतं. मूळ गाणी आधी ऐका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न (नाशिक): आमच्या कॉलेजच्या बँडला एका मराठी गाण्याचं कव्हर प्रसिद्ध करायचं आहे. इथला नियम काय?

भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी, २०१२ च्या दुरुस्तीतून आलेलं, वाचा. गाणं पहिल्यांदा ज्या वर्षी मुद्रित झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच कॅलेंडर वर्षं उलटायला हवीत. जून २०१६ चं गाणं असेल तर १ जानेवारी २०२२ पासून मोकळीक. आधी सूचना द्यावी लागते, वेष्टनाचा मजकूर दाखवावा लागतो आणि मानधन आगाऊ भरावं लागतं, तेही दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. ही किमान संख्याच छोट्या बँडला जड जाते. एखाद्या भाषेसाठी ती कमी ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तोवर सोपा मार्ग म्हणजे हक्क असलेल्या संगीत कंपनीशी थेट करार. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळ्यांकडे असू शकतात, दोन्ही तपासा. वेष्टनावर 'कव्हर व्हर्शन' असं स्पष्ट लिहावं लागतं आणि मूळ गायकाचं नाव किंवा फोटो फसवणूक होईल असा वापरता येत नाही. हे कलम फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे, चित्रफीत करायची असेल तर वेगळी परवानगी घ्या.

प्रश्न (मडगाव): तबकडी घ्यावी की अ‍ॅपवर ऐकावं? आणि आपल्याकडे नेमकं किती वाजता येईल?

३३⅓ गतीच्या बारा इंची तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्याहून जास्त भरलं की खाच अरुंद करावी लागते, आवाजाची पातळी उतरते आणि बास पातळ होतो. पंधरा गाणी एका तबकडीत कोंबली असती तर नेमकं तेच झालं असतं, म्हणून हा अल्बम दोन तबकड्यांचा आहे. सोल संगीतात अर्धा जीव बासमध्ये असतो, तेव्हा हा निर्णय योग्यच. आयात प्रत महाग पडते, म्हणून आधी अ‍ॅपवर पूर्ण ऐका, मग ठरवा. अ‍ॅपवर लॉसलेस (आवाजाचा तपशील न गाळणारा दर्जा) निवडलं तर तारेचे हेडफोन वापरा, ब्लूटूथवर तो दर्जा सहसा पोचत नाही.

वेळेचं म्हणाल तर अ‍ॅपवर नवे अल्बम साधारणपणे त्या-त्या देशाच्या मध्यरात्री उघडतात. गुरुवारी रात्री बारा वाजले की आपल्याकडे ११ तारीख. न्यू जर्सीत तेव्हा गुरुवारी दुपारचे दीड वाजलेले असतील आणि तिथे अल्बम यायला आणखी साडेदहा तास असतील. तिकडच्या नातेवाइकांना आपल्या सकाळच्या साडेदहापर्यंत गाण्यांबद्दल काही सांगू नका.